मागाचा माग

“डावीकडे! उपग्रह डावीकडे सांगतोय!”

“अरे, डावीकडे नदी आहे!”

“असू दे! आकाशातले उपग्रह काय तुला विचारून रस्ता सांगणार?”

असे उद्गार काढून त्या मुलाने मोबाइलवरील दृष्टी तसूभरही न ढळवता डावीकडे पाऊल टाकले. पुढच्याच क्षणी ‘डुबुक्!’ असा नाद झाला आणि तो गुडघाभर पाण्यात उभा असलेला दिसला. मोबाइल मात्र त्याने विजयध्वजाप्रमाणे डोक्यावर उंच धरला होता.

“पोचलास का रे अंतराळात?” काठावरून एक प्रचंड आवाज आला, आणि दगडी पुलाच्या कमानीत विसावलेली कबुतरे घाबरून फडफडत उडाली.

पाण्यात उभा होता तो आत्याचा मुलगा. सुट्टी लागताच त्याच्या हाती मोबाइल आला होता, आणि तेव्हापासून तो स्वतःच्या डोक्याने एकही वळण घेईनासा झाला होता. म्हणून सारे त्याला ‘उपग्रह’ म्हणत. काठावरून ओरडणारा होता तो शेजारचा मुलगा. तो कुजबुजला तरी तीन घरे पलीकडे ऐकू जाई. त्याचे नाव ‘भोंगा’. आणि या दोघांमध्ये पोट धरून हसत होती ती उपग्रहाच्या मामाची मुलगी, जिच्या पराक्रमाची ही हकीकत आहे, ती ‘बिनकानी’.

वाचकहो, गैरसमज नसावा! तिला कान दोन्ही होते आणि उत्तम होते. नव्हता तो काना. शुद्धलेखनात अक्षराला काना द्यायचे ती हटकून विसरे. एकदा बाईंनी ‘राजा बागेत फिरायला गेला’ असे वाक्य सांगितले, तेव्हा हिने लिहिले, ‘रज बगेत फिरयल गेल’. बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “रज म्हणजे धूळ! अगं बिनकाने, तुझा राजा धुळीला मिळाला की!” त्या दिवसापासून ते नाव तिला जे चिकटले ते चिकटलेच. वरवर ती हसे. परंतु वहीत लाल शाईच्या उभ्या रेघा दिसल्या की तिच्या मनाला लागत असे.

“उपग्रहाचं सोड,” बिनकानी म्हणाली. “ते बघ! कमानीत एक दगड बाकीच्यांपेक्षा कोरडा आहे. शेवाळच नाही त्याच्यावर. कुणीतरी नुकताच बसवलाय.”

तिने दगड ओढला. आतील खोबणीत एक पत्र्याची डबी!

“सापडली!” भोंग्याने आरोळी ठोकली. पलीकडच्या डोंगरानेही ‘सापडली, सापडली’ असे दोनदा कबूल केले.

ही डबी तेथे कोणी व का ठेवली, ते सांगणे अवश्य आहे. डबीशोध नावाचा एक खेळ जगात पुष्कळ ठिकाणी खेळला जातो. एकाने डबी लपवायची, जागेचे आकडे मोबाइलवर कळवायचे, आणि बाकीच्यांनी ती हुडकायची. आतील चिठ्ठीवर आपले नाव लिहायचे, एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात एक वस्तू ठेवायची. घेतल्यावाचून जाऊ नये, आणि ठेवल्यावाचून घेऊ नये, हा त्या खेळाचा धर्म होय.

त्या नदीच्या खोऱ्यात पूर्वी एक कापडगिरणी होती. गिरणी केव्हाच बंद पडली. परंतु तिचा बंधारा, पाण्याचा पाट, दगडी पूल, चुन्याची भट्टी आणि आभाळाला टेकू दिल्यासारखे उभे असलेले धुराडे, हे सारे हिरव्यागार झाडीत अद्याप शाबूत होते. आता तेथे संग्रहालय होणार होते. त्याची देखरेख करी ती आत्या, म्हणजे उपग्रहाची आई. येणाऱ्याजाणाऱ्या मुलांनी नुसते ‘हे काय, ते काय’ न करता खोरे पायी पाहावे, म्हणून तिने जागोजागी डब्या लपवल्या होत्या, आणि खेळ जमतो की नाही हे ताडून पाहण्यासाठी आपली तीन पोरे त्या सकाळी मोकळी सोडली होती.

“ही झाली. आता शेवटचीच राहिली!” उपग्रह पाण्यातून वर येत म्हणाला. त्याच्या बुटांतून ‘पचक् पचक्’ असा आवाज येत होता. “वाच चिठ्ठी.”

बिनकानीने चिठ्ठी वाचली.

“दिवसभर चालतो, पण जागचा ना हले;
पोटात त्याच्या पाहा, तेथे बक्षीस मिळे.”

“चालतो पण हलत नाही?” भोंग्याने डोके खाजवले. “आमचा पंखा!”

“पंख्याला पोट असतं का रे?”

“मग आमचे काका!”

“चालतो... चालतो...” बिनकानी पुटपुटली आणि एकदम तिने टाळी वाजवली. “माग! कापड विणायचा माग! माग चालतो असंच म्हणतात ना? आणि तो जागचा हलत नाही. आत्याचा माग!”

तिघेही गिरणीच्या दिशेने धावत सुटले.

वाटेत ठिकठिकाणी नव्या कोऱ्या पाट्या लागत होत्या. त्या संग्रहालयाच्या व्यवस्थापकसाहेबांनी स्वहस्ते लिहिलेल्या होत्या. पहिली होती, ‘कचारा टाकू नये’. दुसरी, ‘पुलावार उभे राहू नये’. पाटाच्या काठी तर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘येथे पोहण्यास माना आहे’.

“माना आहेत?” भोंगा थबकला. “मग बाकीचे हातपाय कुठे ठेवलेत?”

“मना आहे म्हणायचंय त्यांना,” बिनकानी हसत म्हणाली. “आत्या सांगत होती, साहेबांना वाटतं, काना दिला की अक्षर काठी टेकून ताठ उभं राहतं. भारदस्त दिसतं!”

“म्हणजे तू विसरतेस ते सगळे काने इथे येऊन पडतात तर!” उपग्रह म्हणाला.

बिनकानीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

हसतखिदळत ती तिघे गिरणीपाशी पोचली खरी. परंतु मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांचे हसू जागच्या जागी थिजले.

दार सताड उघडे! आणि आत, जेथे पहाटेपर्यंत तेल पाजून, घासूनपुसून लख्ख केलेला माग उभा होता, तेथे फरशीवर चार चौकोनी खुणा तेवढ्या उरल्या होत्या!

“हलला!” भोंगा जन्मात प्रथमच हळू बोलला. “जो जागचा हलत नाही, तो हलला!”

इतक्यात पाठीमागून आत्या आली. ती सकाळपासून बंधाऱ्यावर पाटाच्या तोंडाशी अडकलेला पाला काढत होती, कारण पाणी नीट वाहिल्याखेरीज पाणचक्की फिरत नाही, आणि पाणचक्की फिरल्याखेरीज माग चालत नाही. त्या पाण्याच्या गर्जनेत तिला दुसरे काहीच ऐकू आले नव्हते. तिने खोलीत पाहिले आणि ओल्या साडीनिशी ती मटकन पायरीवर बसली.

“गेला! माझा माग गेला!”

“कुणी नेला, आत्या?”

“मला काय ठाऊक, बाळा? आज दुपारी संग्रहालयाच्या अध्यक्षबाई येणार माग चालताना बघायला. साहेब त्यांना आणायला गेलेत. जाताना काय म्हणाले माहीत आहे? ‘बाई, इथली एक टाचणी जरी हलली, तरी जबाबदारी तुमची. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगेन.’ टाचणी राहिली रे बाजूला, अख्खा मागच हलला! दोन वर्षं एकेक खिळा शोधून उभा केला होता मी तो.”

असे म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. आत्या रडताना बिनकानीने कधी पाहिली नव्हती. आत्या म्हणजे विंचू चावला तरी प्रथम विंचवाची विचारपूस करणारी बाई!

“आई, फोन लाव ना साहेबांना,” उपग्रह म्हणाला.

“खोऱ्यात लागतो का फोन?”

बिनकानी मात्र दारापाशी वाकून पाहत होती. दाराच्या फळीवर खडूने ठसठशीत अक्षरांत लिहिले होते,

‘मागाचे सर्व सामान भंगारात न्यावे.’

“आत्या! हे अक्षर साहेबांचंच ना?”

उपग्रहाने वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. “संपलं. साहेबांनीच माग भंगारात काढलाय. आता कुणाकडे तक्रार करायची?”

“पण असं कसं?” आत्या उठून उभी राहिली. “तोच माग दाखवायला बाईंना आणायला गेलेत ना ते! मागच्या आवारातला भंगार माल आज उचलायला लावतो, एवढंच म्हणाले होते. ते गंजके पिंप, मोडकी बाकं...”

बिनकानी धावत इमारतीला वळसा घालून मागे गेली आणि तशीच परत आली. तिला धाप लागली होती. परंतु तिचे डोळे चमकत होते.

“पिंप आहेत! बाकंही आहेत! मागचं काहीच नेलेलं नाही. अरे, कळलं का तुम्हाला? साहेबांना लिहायचं होतं ‘मागचे’. पाठीमागचे! त्यांनी भारदस्त करायला काना दिला, आणि झालं ‘मागाचे’! माणसं आली, त्यांनी दार वाचलं, माग बघितला आणि उचलला! पोहायला माना, तशी ही गत!”

भोंग्याने तिच्याकडे अशा आदराने पाहिले, जसे आजवर त्याने फक्त परीक्षेच्या निकालाकडे पाहिले होते.

“एका कान्यापायी अख्खा माग!” आत्या म्हणाली. “पण आता तो गेला कुठे, आणि कुठल्या वाटेने? खाली उतरायला वाटा तीन. भंगाराच्या भट्टीत वितळला तर नुसता काना काढून काय उपयोग?”

“थांबा, उपग्रहाला विचारतो!” उपग्रहाने मोबाइल काढला. मोबाइलने एकवार डोळा मिचकावला, शिट्टी दिली आणि प्राण सोडला. सकाळपासून नकाशा पाहून पाहून त्याची बॅटरी संपली होती.

“बुडाला तुझा उपग्रह!” भोंगा म्हणाला.

त्याच वेळी बिनकानीच्या हाताला काहीतरी गुदगुल्या झाल्या. दाराच्या कडीला लाल सुताचे एक टोक बांधलेले होते आणि ते सूत अंगणातून बाहेर गेले होते.

“अगंबाई!” आत्या उद्गारली. “हे तर मीच बांधलं होतं! मागावर लाल सुताचं भलं मोठं रीळ आहे. कडीपासून सूत धरत आत आलं की डबीपाशी पोचायचं, अशी शेवटची गंमत केली होती मी तुमच्यासाठी. म्हणजे माग गेला तसं रीळ उलगडत गेलं!”

“म्हणजे मागच आपला माग सोडून गेलाय!” बिनकानी ओरडली. “चला! मागाचा माग काढू या!”

“पुढे व्हा! मी ही खोली बंद करून आलेच!” आत्या म्हणाली.

मग काय विचारता! बिनकानी सर्वांत पुढे, हातात सूत. तिच्या मागे उपग्रह, मिळालेले सूत गुंडाळीत चाललेला. कारण ‘सूत वाया घालवू नका रे!’ असे आत्याने मागून बजावले होते. आणि भोंगा दोन्ही हात आडवे धरून त्या गुंडाळीचा खुंटा झालेला.

सूत लोखंडी पुलावरून गेले. पुलाच्या कठड्याला वळसा घालून ते जुन्या रुळांच्या कडेने धावू लागले. या रुळांवरून पूर्वी कापसाच्या गाठींच्या ढकलगाड्या जात. आता रुळांमध्ये जांभळी रानफुले उगवली होती, एका बाजूला नदी खळखळत होती, आणि दुसऱ्या बाजूला दरडीवरून झिरपणारे पाणी उन्हात चमकत होते. एरवी त्या शोभेकडे पाहत उभे राहावे असे कोणालाही वाटले असते. परंतु ज्याच्या आत्याची नोकरी सुतावर लटकली आहे, त्याला शोभा कशी दिसावी?

“हळू चल ना!” उपग्रह धापा टाकत म्हणाला. “गुंडाळायला वेळ लागतो!”

“तू गुंडाळतोयस की मला बांधतोयस?” भोंगा करवादला. सुताचे वेढे आता त्याच्या कोपरांपर्यंत आले होते. “हा माग सापडेपर्यंत मीच कापड होणार!”

एवढ्यात बिनकानी थांबली. सूत तिच्या हातातून आपोआप पुढे ओढले जात होते!

“ओढतंय कुणीतरी!”

“म्हणजे जवळच आहेत!” उपग्रह म्हणाला. “वाका! लपा!”

तिघेही झुडपांआडून, पोटावर सरपटत, श्वास रोखून पुढे सरकले. बिनकानीने हलकेच फांदी बाजूला केली.

समोर एक बकरी उभी होती. ती अतिशय गंभीर मुद्रेने लाल सूत खात होती.

“मागाचा माग बकरीच्या पोटात!” भोंगा किंचाळला.

“सोड! ए, सोड ते! पुरावा आहे तो!” उपग्रहाने बकरीच्या तोंडातले सूत ओढले. बकरीनेही ओढले. उपग्रहाने पाय रोवले. बकरीनेही रोवले. थोडा वेळ हा सामना बरोबरीत चालला. मग बकरीने एकदम तोंड उघडले, आणि उपग्रह उताणा चिखलात पडला.

“दुसरं टोक शोधा,” बिनकानी म्हणाली. “बकरी मधूनच खायला लागली असणार. म्हणजे पुढेही सूत असलंच पाहिजे.”

ते खरे ठरले. बकरीच्या पलीकडे, चुन्याच्या भट्टीकडे वळणाऱ्या रस्त्यावर लाल रेघ पुन्हा दिसू लागली. तिघे पळाले. बकरीही त्यांच्या पाठोपाठ निघाली. तिला बहुधा सुताची गोडी लागली होती.

चुन्याची भट्टी म्हणजे दगडी बुरुजाप्रमाणे गोल आणि आतून पोकळ अशी इमारत. वळणावर येताच त्यांना पलीकडच्या उतारावर ट्रॅक्टर दिसला. त्याच्या ट्रॉलीत, दोरखंडांनी बांधलेला, माग उभा होता! सावलीला बसून चहा घेतलेले दोन हमाल नुकतेच वर चढत होते. पांढऱ्या मिश्यांच्या म्हाताऱ्या मुकादमाने हात हलवला आणि ट्रॅक्टर ‘फट् फट् फट्’ करीत चालू झाला.

“थांबा!” उपग्रह ओरडला.

“ओ काका! थांबा!” बिनकानी ओरडली.

ट्रॅक्टरच्या फटफटाटापुढे ती हाक म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी! ट्रॉली हलली. पुढच्या वळणापलीकडे वजनकाटा आणि त्यालगत भंगाराची भट्टी!

बिनकानीने चहूकडे पाहिले. तिची दृष्टी चुन्याच्या भट्टीच्या काळ्या पोकळ तोंडावर गेली.

“भोंग्या! त्या भट्टीत तोंड घाल आणि वाज!”

“वाजू? म्हणजे?”

“तुझं नाव काय?”

भोंग्याला उमगले. सुताने जखडलेले हात तसेच पुढे धरून त्याने भट्टीत मुंडके घातले, छाती भरून श्वास घेतला, आणि—

“भोंऽऽऽऽऽऽऽ!”

तो आवाज पोकळ दगडांत शतपट होऊन वरच्या तोंडातून बाहेर पडला. खोरे दणाणले. बकरीने चारही पायांवर एकदम उडी मारली. आणि उतारावर एक नवलच घडले. तो म्हातारा मुकादम जवानीत त्याच गिरणीत होता. भोंग्याचा नाद कानी पडताच त्याचा हात आपसूक वर गेला आणि तो ओरडला, “थांबवा रे! पाळी सुटली! हातातलं काम टाका!”

ट्रॅक्टर थांबला. मुकादम डबा काखेत मारून निम्मा रस्ता चालूनही गेला, आणि मग त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

“आयला! गिरणी तर बंद आहे. मग ही पाळी कुठली सुटली?”

“काका, माग परत द्या!” मुले धावत तेथे पोचली. “तो भंगार नाही! चुकून आणलात तुम्ही!”

मुकादमाने त्या तिघांकडे पाहिले. एक चिखलाने माखलेला, एक लाल सुतात गुंडाळलेला, आणि मध्ये एक किडकिडीत मुलगी. मागे बकरी.

“चुकून? अगं पोरी, दारावर लिहिलं होतं, मी दोनदा वाचलं. मनालाही पटेना माझ्या. इतका चकचकीत माग भंगारात कसा? पण साहेबांचा लेखी हुकूम! आता परत न्यायचा तर तसंच लिहून द्या. तोंडी कारभार मी करत नाही.”

तेवढ्यात आत्या धापा टाकत येऊन पोचली, आणि खालून भोंगे वाजवीत एक जीपगाडीही आली. रस्ता अरुंद, मध्ये ट्रॉली. जीपमधून इस्त्रीच्या कपड्यांतील व्यवस्थापकसाहेब उतरले आणि त्यांच्या पाठोपाठ पांढऱ्या केसांच्या, शांत मुद्रेच्या अध्यक्षबाई उतरल्या.

साहेबांनी ट्रॉलीत पाहिले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. परंतु क्षणार्धात त्यांनी ते परत आणले.

“हे काय? माग इथे? बाई, काय सांगितलं होतं मी तुम्हाला? टाचणी हलता कामा नये! बघा अध्यक्षबाई, हा असा निष्काळजीपणा! आता यांना कसं ठेवायचं कामावर?”

“साहेब, आत्याची काही चूक नाही!” बिनकानी पुढे झाली. “दारावर तुम्हीच लिहिलं होतं, ‘मागाचे सामान न्यावे’.”

“छे! मी लिहिलं होतं ‘मागचे’! स्वच्छ, शुद्ध ‘मागचे’! यांना वाचता येत नसेल. नाहीतर...” साहेबांचे डोळे बारीक झाले. “नाहीतर तुम्हा उनाड पोरांपैकीच कुणीतरी तिथे काना ओढला असेल! खोडी करायला! होय, हिनेच ओढला असेल!”

“मी?” बिनकानी इतकी थक्क झाली की तिला हसूच फुटले. “साहेब, हवं तर आमच्या शाळेत विचारा! मी जन्मात कधी जास्तीचा काना दिलेला नाही! असलेलेसुद्धा मला देता येत नाहीत!”

“खरं आहे!” भोंगा आणि उपग्रह एकदम म्हणाले. “हिचा राजा धुळीला मिळाला होता!”

अध्यक्षबाईंच्या ओठांचे कोपरे किंचित हलले. “मग आता खरं-खोटं करायचं कसं?”

बिनकानीच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. ती अत्यंत नम्रपणे म्हणाली, “बाई, साहेब म्हणतात तेच खरं असेल. पण मुकादमकाका लेखी हुकमाशिवाय माग परत नेणार नाहीत. साहेबांनी या ट्रॉलीच्या फळीवर लिहून द्यावं म्हणजे झालं. मागाचे परत आणावे, आणि मागचे न्यावे. साहेबांचं अक्षर फार भारदस्त आहे!”

स्तुतीने साहेबांची छाती फुगली. खिशातून खडू काढून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फळीवर झोकदार अक्षरांत लिहिले. लिहून झाल्यावर दोन पावले मागे जाऊन, मान तिरपी करून, त्यांनी स्वतःच त्याचे कौतुक केले.

मुकादम पुढे झाला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला.

“मागाचे सामान पारत आणावे. मागाचे सामान भंगारात न्यावे.” त्याने मिशी खाजवली. “साहेब, माग परत आणायचा आणि परत न्यायचा? म्हणजे आम्ही काय जन्मभर नुसत्या खेपाच घालायच्या?”

पहिल्यांदा हमाल हसले. मग भोंगा हसला, म्हणजे खोरेच हसले. अखेर अध्यक्षबाईंनाही हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. साहेबांनी फळीकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि त्यांचे कान रंगून सुतासारखे लाल झाले.

“काना... काना जरा जास्त पडला वाटतं,” ते पुटपुटले.

“जरा?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आणि तो काना पडला तो या बाईंच्या नोकरीवर! साहेब, आधी त्यांची क्षमा मागा. आणि यापुढे एकही पाटी या मुलीने वाचल्याशिवाय लावायची नाही!”

साहेब वाईट नव्हते. केवळ ताठ होते. त्यांनी खरोखरच हात जोडले. “बाई, चुकलो. तुमच्याविषयी बोललो ते मागे घेतो.” मुकादमाने ट्रॅक्टर वळवला, आणि मिरवणूक परत निघाली. पुढे माग, मागे जीप, आणि सर्वांत शेवटी बकरी.

दुपारी आत्याने पाटाची फळी उचलली. पाणी खळाळत आले, पाणचक्की कुरकुरली, मग फिरली, पट्टा ताणला गेला, आणि ‘खटॅक्-खट्, खटॅक्-खट्’ करीत माग चालू झाला. भोंग्याच्या हातांवरून सोडवलेले लाल सूत, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून, इकडून तिकडे धावू लागले. बकरीने खाल्ले तेवढे मात्र कमी पडले. तळहाताएवढे लाल कापड विणून झाले, तेव्हा आत्या हसत होती आणि रडतही होती; परंतु आता ‘का’ असे तिला कोणी विचारले नाही.

“माझ्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ तपास पाहिले,” अध्यक्षबाई तिन्ही मुलांच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाल्या. “पण एका उभ्या रेघेवरून अख्खा माग शोधून काढणारी पोरं आज पाहिली. तुमच्या गुरुजनांना सांगा, शाबासकी कमी पडली तर आमच्याकडून उसनी घ्या!”

“अहो, पण आमचा खेळ राहिला!” भोंगा ओरडला. “शेवटची डबी!”

माग थांबवून बिनकानीने त्याच्या पोटात हात घातला. डबी होती तेथेच होती! आत आत्याने ठेवलेले लहानसे लाकडी धोटे होते, होडीसारखे गुळगुळीत. तिघांनी एकेक घेतला. आता बदल्यात काहीतरी ठेवायला हवे. उपग्रहाने आपली पेन्सिल ठेवली. भोंग्याने शिट्टी ठेवली, “मला काय गरज आहे तिची?” तो म्हणाला.

बिनकानी साहेबांकडे वळली. “साहेब, तुमचा तो खडू मला द्याल का?”

“ने बाई, ने!” साहेब म्हणाले. “माझ्याजवळ नसलेलाच बरा.”

तिने खडू डबीत ठेवला आणि चिठ्ठीवर आपल्या नावाखाली जीभ बाहेर काढून, सावकाश, एकेक अक्षर जपत लिहिले. आत्या तिच्या खांद्यावरून वाचू लागली.

‘या खडूत पुष्कळ काने आहेत. ज्याला कमी पडतील त्याने घ्यावेत. जपून वपरावेत.’

“अगं बिनकाने!” आत्याने तिचा कान धरला. “शेवटच्या शब्दातला एक काना विसरलीस की!”

“विसरले नाही, आत्या,” बिनकानी म्हणाली. “शिल्लक ठेवला.”